वाकडी कापणी

माझा हात आधी उठतो आणि तोंड नंतर उघडतं, हे अख्ख्या शिवकाशीला ठाऊक आहे. छापखान्यात मला पट्टीवाली पेच्ची म्हणतात. म्हणेनात का. एकवीस वर्षं मी तारखांचे कागद तपासतेय. रंगावर रंग बसला नाही, कड तिरकी गेली, शाई पसरली, की कागद बाहेर. माझ्या नजरेतून चूक सुटत नाही अशी माझी घमेंड होती. त्याच घमेंडीत मी माझ्या पोटच्या पोरीची हाडं मोडू दिली. तेच सांगायला बसलेय, तेव्हा मध्ये बोलू नका.

पूंगोडी माझी एकुलती एक. ती नऊ वर्षांची असताना तिचा बाप फटाक्यांच्या शेडमध्ये उडाला. घरी आलं ते एका चादरीत मावलं. त्यानंतर मी आणि ती, आणि घरात ती पट्टी. पट्टी छापखान्यातलीच, सागवानी, बोटभर जाड. गठ्ठ्यांच्या कडा ठोकून सरळ करायला वापरतात. कोपरा झिजला म्हणून टाकून दिली होती, मी घरी आणली. कापायला, मापायला आणि मारायला.

बारा वर्षांची असताना पोरीने भात करपवला. मी पट्टी काढली. किती मारलं ते मला आठवत नाही, तिला आठवतं. ती ओरडली नाही. कोपऱ्यात बसली, दोन्ही कोपरं डोक्यावर घेतली, तोंड घट्ट मिटलं. माझा हात दुखायला लागला तेव्हा मी थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर ही बाई भिंतीवरच्या कॅलेंडरचा कालचा कागद फाडून जमिनीवर पालथा घालून बसलेली. माझ्या पिशवीतली कात्रणं सगळी पसरलेली. काडेपेटीवरचा हिरवा पोपट, लवंगी फटाक्याच्या वेष्टनाची लाल कड, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची सोनेरी किनार. आणि करपलेल्या भाताची शितं, खळ म्हणून. पोपटाची मान कापून तिने उलटी लावली होती, आणि भोवती सगळं लालच लाल.

"हे काय चाललंय?"

"काल चिकटवतेय," ती म्हणाली.

तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. सकाळी कालचा कागद फाडायचा आणि त्याच्या पाठीवर कालचा दिवस चिकटवायचा. ताप असो, परीक्षा असो, पाळी असो. तिचे नियम तिनेच केले. देवाच्या तसबिरीला कात्री लावायची नाही. चिकटवलेलं उचकटायचं नाही. आणि उद्याचा कागद आज फाडायचा नाही. हा शेवटचा नियम तर आमच्या गावात सांगावाच लागत नाही. पुढच्या वर्षाची कॅलेंडरं आम्ही आडी महिन्यातच, म्हणजे ऐन वर्षाच्या मध्यालाच, छापायला घेतो, न आलेले लाखो दिवस आमच्या हातांखालून जातात, त्यांच्यावर बसून आम्ही डबा खातो. पण घरातल्या भिंतीवरचा उद्या? त्याला कुणी बोट लावत नाही. दारुडासुद्धा नाही.

मी रोज तिचं पान तपासायचे. दुसरं काय येत होतं मला? "ही कड बघ, वाकडी. डोळे कुठे होते?" आणि बोटांच्या सांध्यांवर एक फटका. पोरगी हळूहळू अशी कापायला लागली की आमच्या मशीनने मान खाली घालावी. वर्ष संपलं की तीनशे पासष्ट पानांच्या माथ्यावर मी पत्र्याची चाप ठोकायचे, अगदी कॅलेंडरला ठोकतो तशी, आणि ट्रंकेत ठेवायचे. तोंडाने कधी चांगलं म्हटलं नाही, पण शेजारणींना ट्रंक उघडून दाखवायचे. दाखवताना छाती फुगायची माझी.

मग तिचं लग्न केलं. सात्तूरला, सुडलैशी. त्याचं शेवेचं दुकान, स्वतःची कढई, दारू फक्त शनिवारी. मला वाटलं, आणखी काय पाहिजे? लग्नानंतरच्या पहिल्या आडी महिन्यात पोर माहेरी आली, रीतीप्रमाणे. महिनाभर चांगली राहिली. निघायच्या दिवशी उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "अम्मा, मी नाही जात."

"का?"

मी तीनदा विचारलं. चौथ्यांदा पट्टीने विचारलं. पाठीत दोन, दंडावर एक. "लग्न म्हणजे काय खेळ वाटला? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!" ती उठली, पिशवी घेतली आणि बसमध्ये जाऊन बसली. मी खिडकीतून तिच्या हातात चिक्कीचं पुडकं दिलं. तिने घेतलं. एवढं झालं तरी मला काही कळलं नाही. मुडदा बशिवला माझा.

पानं मात्र येत राहिली. गुरुवम्मा म्हणून एक बाई सात्तूरहून रोज बसने आमच्या छापखान्यात येते, पूंगोडीच्याच गल्लीतली. दर शनिवारी तिच्या डब्याच्या पिशवीतून सात पानं यायची. मी जेवणाच्या सुट्टीत ती मांडीवर ठेवून तपासायचे. आधी सरळ होती. पोंगल झाला आणि वाकडी यायला लागली.

वाकडी म्हणजे अशी वाकडी की मला लाज वाटावी. फुलाच्या पाकळ्या चावल्यासारख्या कुरतडलेल्या, कडा लाटा खाणाऱ्या. मी गुरुवम्माला म्हटलं, "सांग तिला, सासरी जाऊन हात सैल झालाय. अकरा वर्षांची मेहनत मातीत घालू नकोस म्हणावं."

गुरुवम्मा म्हणाली, "सांगते हं अक्का," आणि डबा उघडून खाली मान घालून जेवायला लागली.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मग माझं डोकं फिरलं. मी पट्टी घरून आणली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि गुरुवम्माच्या पिशवीत कोंबली. "ही दे तिला. ही लावून कापायला सांग. आणि म्हणावं, ही बघितलीस की अम्मा शेजारी बसलीय असं समज."

माझ्या हाताने पाठवली मी. आजही हे वाक्य बोलताना जीभ झडावी असं वाटतं.

त्यानंतर पानं आणखी बिघडली. आता कडांवर तपकिरी डाग यायला लागले. ठिपके, ओघळ, एकदा तर अख्ख्या अंगठ्याचा ठसा. एकवीस वर्षांचा अनुभव माझा, मी बोटाने चोळून बघितलं आणि निकाल दिला, शाई पसरलीय. निरोप धाडला, "हात धुऊन बसत जा, गलिच्छ." दिवाळी येऊन गेली तरी मी हेच निरोप धाडत होते.

दिवाळीनंतरच्या तिसऱ्या शनिवारी गुरुवम्माने पुडकं दिलं. मी मोजलं. आठ.

"आठ कशी?"

"मला काय माहीत अक्का? मी उघडून बघते का?"

शुक्रवार ते गुरुवार सात, सगळी वाकडी. आठवं खाली होतं. मी उलटं केलं. रविवार. तारीख उद्याची. राहुकाळ साडेचार ते सहा, तिच्या राशीला एका शब्दाचं भविष्य, 'लाभ'. मागची बाजू कोरी. एक शीतसुद्धा चिकटवलेलं नाही. आणि कड? कड फाडलेली नव्हती, कापलेली होती. सरळ. एवढी सरळ की तिला ती कापायला अर्धा तास लागला असेल.

अकरा वर्षांत कधी न चुकणारी पोरगी शनिवारच्या कागदाखाली हात घालून रविवारचा दिवस दोन दिवस आधीच काढून पाठवते, आणि कोरा?

"गुरुवम्मा," मी म्हटलं, "हे उद्याचं आहे."

तिचा घास हातातच राहिला. तिने कागद बघितला, पालथा केला, पुन्हा सुलटा केला. मग तोंडावर पदर घेतला. "अक्का, मला मार, पण आधी ऐकून घे. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडलेली आहेत. पोंगलपासून. डाव्या हाताने कापते ती. शनिवारी तो पितो, रविवारी सकाळी तिला उठता येत नाही. कधीकधी अख्खी गल्ली ऐकते."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? रोज माझ्या डब्यातलं लोणचं खातेस, दळभद्रे, तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तिने शपथ घातली होती."

"कसली शपथ?"

"म्हणाली, अम्माला सांगू नकोस. अम्मा मलाच मारेल."

मी तिला मारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा हात उठला नाही. गठ्ठे तसेच टाकून मी बस स्टँडवर गेले. बस मिळाली. खिडकीला डोकं टेकून मी आठवत होते, कुठल्या कुठल्या रविवारच्या पानावर डाग होते. सगळी पाठ होती मला. सगळी. चुका लक्षात ठेवायचा तर पगार घेते मी.

सुडलैचं दुकान रस्त्यावर, घर मागे. भर दुपारची वेळ. कढईत तेल उकळत होतं आणि तो झाऱ्यावर पीठ घासून शेव पाडत होता. जावयासमोर सासूने पदर सावरून, चौकटीला टेकून, जमिनीकडे बघून बोलायचं असतं. पावणेदोन वर्षं मी तशीच बोलले. त्या दिवशी मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"या अत्तै, या," तो म्हणाला. सासूला एवढ्या गोड आवाजात हाक मारणारा जावई मी दुसरा बघितला नाही. "ऐन वेळेवर आलात. गरम काढतोय, खाऊन जा."

"पूंगोडी कुठाय?"

"आत. पीठ मळतेय. काल सांगितलेलं अजून होतंय तिचं, तुमचीच लेक, सावकाश काम."

मी आत गेले. ती परातीपुढे बसलेली, डाव्या हाताने पीठ मळत होती. उजवा हात मांडीवर, फडक्यात. मला बघितलं आणि उठली नाही. मी फडकं सोडलं. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही उपटलेल्या खिळ्यांसारखी वाकडी, आणि तळहातावर तेलाचा फोड फुटून पिकलेला. मानेवरचा पदर बाजूला केला. पाठीवर वळ होते. जुने काळे, नवे लाल, एकावर एक. आणि प्रत्येक वळाच्या एका टोकाला छोटीशी खाच.

ती खाच मी ओळखली. माझ्या पट्टीचा तो झिजलेला कोपरा.

"ऊठ," मी म्हटलं. "चल."

दारात तो उभा. हातात पट्टी. माझी. मधल्या भागात काळपट झालेली. "कुठे नेताय अत्तै? कढईवर कोण बसणार?"

"बाजूला हो."

"अहो, चिडता कशाला? तुम्हीच तर पाठवलीत." खरंच बोलतोय असा चेहरा होता त्याचा. "मी हाताने मारायचो तेव्हा रडायची, गल्ली गोळा करायची. ही आली आणि बघा, आवाज नाही. तुमच्या हातची सवय आहे तिला. हे बघा की."

आणि बघा म्हणून त्याने पट्टी तिच्या त्याच हातावर मारली. त्या वाकड्या बोटांवर. पूंगोडी गुडघ्यावर आली, पण तोंड मिटलेलंच.

मी त्याला ढकलून दुकानात आले. पळाले असं त्याला वाटलं असेल. झारा कढईवर होता. मी तो उचलला, वळले आणि मागून आलेल्या त्याच्या कानशिलावर आडवा हाणला. तापलेलं लोखंड. चर्र असा आवाज आला आणि कातडीचा वास. तो गुरासारखा ओरडला. माझा अंबाडा धरून त्याने मला भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा, माझा दात तुटून जिभेवर आला. तिसऱ्यांदा आपटायच्या आधी मी त्याच्या मनगटाला चावले. हाडाला दात लागेपर्यंत चावले. त्याने सोडवायला हिसका दिला, पाय बांबूच्या टोपलीत अडकला, आणि आधाराला त्याने धरायला नको ते धरलं. कढईचा कान.

तेल त्याच्या गुडघ्याखाली गेलं. त्याने जो आवाज काढला तो मी नवरा गेला त्या दिवशी शेडच्या बाहेर ऐकला होता, अर्धवट जळालेल्या माणसांचा. मला दया यायला हवी होती. आली नाही, खोटं कशाला बोलू. तो जमिनीवर लोळत होता आणि पट्टी माझ्या पायाशी पडली होती. मी उचलली. खांद्यावर मारली. "बोट मोडतोस?" पाठीवर मारली. "माझ्या पोरीचं बोट मोडतोस, मुडद्या?" कुठे लागतंय ते बघत नव्हते. तो "अत्तै, अत्तै" करत होता आणि मी मारत होते, आणि खरं सांगू, मला बरं वाटत होतं. हात आपोआप चालत होता. दुकानाबाहेर लोक जमले होते, कुणी पुढे येत नव्हतं. मी पट्टी पुन्हा वर नेली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला पूंगोडी दिसली.

ती भिंतीला टेकून खाली बसली होती. दोन्ही कोपरं डोक्यावर. तोंड घट्ट मिटलेलं.

तो तर जमिनीवर पडलेला. त्याच्यात मुंगी मारायची ताकद उरली नव्हती. मग ही कुणाला घाबरतेय? मी मागे वळून बघितलं, आणखी कुणी आलंय का म्हणून. कुणी नव्हतं. मीच होते, वर हात केलेली.

हात खाली यायला वेळ लागला. "पूंगोडी, चल. घरी चल."

"नको." कोपरांच्या आडून आवाज आला.

"अगं, तो काही करत नाही आता. मी आहे ना."

"तूच आहेस ना," ती म्हणाली. "इथून उठून तिथे येऊ? तिथेही पट्टीच. मी शपथ घेऊन सांगते अम्मा, मला मार आता सोसत नाही. रविवारचं पान चिकटवायला मी असणारच नव्हते. एक तर तो गेला असता, नाही तर मी. तू कशाला आलीस?"

मी पट्टी गुडघ्यावर घेतली आणि दाबली. सागवान ते, मोडेना. उंबऱ्याला लावून तिच्यावर पाय दिला. मोडेना. तिसऱ्यांदा सगळं अंग तिच्यावर टाकलं तेव्हा तडकली, आणि अर्ध्या बोटाएवढी ढलपी माझ्या तळहातात घुसली. मी ती काढली नाही. दोन्ही तुकडे तिच्यापुढे ठेवले आणि चार हात लांब जाऊन, सांडून निवत आलेल्या तेलातच, जमिनीवर बसले. बसलेल्या माणसाला दुसऱ्यावर हात उगारता येत नाही, एवढंच मला सुचलं.

बाहेर कुणी तरी रिक्षा बोलावली, सुडलैला उचलून नेलं. मग पूंगोडीने कोपरं खाली घेतली. डाव्या हाताने तुकडे उचलले, ढलप्याही वेचल्या, ओच्यात घातल्या. उठून आत गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून काखेत मारून आली. त्या घरातून तिने आणखी काही घेतलं नाही.

"तुझ्या हातातलं," ती म्हणाली.

"काय?"

"ती ढलपी. दे इकडे." तिने माझा तळहात धरला आणि नखांनी ढलपी ओढून काढली. मी हूं का चूं केलं नाही. आम्ही बसने घरी आलो.

हाडवैद्याने बोटं बघितली. म्हणाला, जुनं झालंय, वाकडीच राहणार. सुडलैचे दोन भाऊ रविवारी दुपारी येऊन दारात शिव्या देऊन गेले, पोलिसात जातो म्हणाले. जा म्हटलं, मी घरीच आहे, कान त्याचा मीच जाळलाय. पूंगोडी आतून ऐकत होती. त्या सकाळी तिने शनिवारच्या पानावर बसची दोन तिकिटं चिकटवली होती, बाकी काही नाही.

सोमवारी मी कामावर जायला निघाले तर ती जमिनीवर बसलेली. पुढे ते रविवारचं पान, पालथं. शेजारी शिळ्या भाताची वाटी. पट्टीचे तुकडे तिने फोडून बारीक केले होते, त्या सगळ्या ढलप्या तिने पानावर ओतल्या आणि डाव्या हाताने एकेक लावायला लागली. काळ्या डागाच्या, माझ्या रक्ताच्या, आणि झिजलेला तो कोपरा बरोबर मधोमध. लाकूड ते, भाताच्या शितांनी धरणार कसं? एक लावली की दुसरी उचकटत होती. कागदाला पोक आला, कडा वर वळल्या. एवढं जाड, एवढं वेडंवाकडं पान की गठ्ठ्यात घातलं तर वरची सगळी पानं तिरकी बसणार, पत्र्याची चाप लागणारच नाही.

तिने हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे.

मी डब्याची पिशवी खाली ठेवली. दोन्ही हात मागे घेतले, एकमेकांत घट्ट धरले, आणि पान वरपासून खालपर्यंत तपासलं. एकवीस वर्षांत एवढ्या चुका मी एका कागदावर बघितल्या नव्हत्या.

वाटीतला भात संपत आला होता, म्हणून आत जाऊन आणखी घेऊन आले.